राजेहो, मारियोला एवढी घाई कसली?

जुने व्हिडिओ गेम नव्या यंत्रावर पुन्हा विकण्याचा धंदा सध्या जगभर तेजीत आहे. दहा, वीस, तीस, कधी शंभर जुन्या गेमची मोट बांधायची, वर ‘कलेक्शन’ नाहीतर ‘अ‍ॅनिव्हर्सरी’ अशी चिठ्ठी डकवायची आणि चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाला त्याचंच लहानपण परत विकायचं. अमेरिका-जपानातल्या गिऱ्हाइकाला ही जुनी ओळख नव्याने भेटते. यवतमाळ, पुसद, वणी, दारव्ह्याच्या गिऱ्हाइकाचं प्रकरण निराळं आहे. मारियो, कॉन्ट्रा, टँकवाला गेम हे सगळं त्याने अंगठ्याला घट्टे पडेपर्यंत खेळलेलं आहे, पण त्यातली एकही कॅसेट अस्सल नव्हती. त्यामुळे पुनर्प्रकाशन म्हणून येणारा हा माल आपल्याकडे पहिल्यांदाच रीतसर येतोय. आणि आला की जाणकार कपाळाला आठ्या घालून म्हणतो, “आपला असा नव्हता बे!”

तो बरोबर बोलतोय. का, ते पुढे.

एक कोटीला एक कमी

गेमचे संच बांधायची कल्पना मोठ्या कंपन्यांच्या डोक्यातून निघाली असं वाटत असेल, तर आपली पिवळी कॅसेट आठवा. वर आकडा छापलेला असायचा : ९९९९९९९ इन १. म्हणजे कोटीला एक कमी. त्याच सुमारास, १९९३ साली, निंटेंडोने ‘सुपर मारियो ऑल-स्टार्स’ नावाचा आपला अधिकृत संच काढला. त्यात गेम किती? चार. सरळ सामना झाला असता तर आपली कॅसेट नव्व्याण्णव लाखांच्या फरकाने जिंकली असती.

आता त्या कोटीभर गेमचा हिशेब. मेनू उघडला की समुद्रकिनारा दिसायचा, वर पक्षी उडायचे आणि मागे एक गोड, रडवेली धून वाजायची. ती धून ‘अनचेन्ड मेलडी’ या गाण्याची. गाणं १९५५ सालच्या ‘अनचेन्ड’ या इंग्रजी सिनेमातलं. १९९० साली ‘घोस्ट’ सिनेमाने ते जगभर पुन्हा गाजवलं. तेव्हा डिग्रसला किंवा उमरखेडला बसून पोरं जे गुणगुणत होती ते हॉलिवूडचं प्रेमगीत होतं, आणि त्यासाठी कुणी कुणाला एक पैसाही दिला नव्हता.

यादी मात्र खाली सरकवत गेलं की तेच ते गेम नवं नाव लावून परत यायचे. त्यातही एक कारागिरी होती. गेम सुरू होताना कितव्या टप्प्यापासून सुरू करायचा, किती जीव द्यायचे, हे आकडे मेमरीत आधीच बदलून ठेवलेले असत. म्हणून एकच कॉन्ट्रा कधी जंगलातून सुरू व्हायचा तर कधी थेट धबधब्यातून. खरे वेगळे गेम मोजायला बसलं तर बोटं पुरायची.

यंत्राचंही तेच. ‘लिट्ल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी जी खोकी आपल्याकडे विकली गेली ती सगळी निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’ या जपानी यंत्राची नक्कल होती. अस्सल फॅमिकॉम १५ जुलै १९८३ ला जपानात १४,८०० येनला विकायला आला. नक्कलवाल्यांनी पुढे त्यातल्या सगळ्या चिपांचं काम एकाच चिपेत कोंबलं आणि वर काळ्या लुकणाचा थेंब टाकला. खोकं उघडून बघणाऱ्याला आत मोठं रिकामं प्लास्टिक आणि मधोमध तो काळा थेंब एवढंच दिसायचं. ज्याने लहानपणी स्क्रूड्रायव्हर चालवला त्याला ती निराशा आठवत असेल.

आणि हो, कॅसेटला फुंकर मारून काही होत नव्हतं. गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळे, पिना नव्याने टेकल्यामुळे. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात म्हणून फुंकू नका, असं खुद्द निंटेंडोचं सांगणं होतं. ऐकलं कुणी?

डिझेल इंजिन

जुना गेम नव्या यंत्रावर चालतो कसा, हे समजायला यवतमाळकराला लांब जायला नको. शकुंतला रेल्वे आठवावी. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं राबलं. एप्रिल १९९४ मध्ये ते काढलं आणि डिझेल जोडलं. रूळ तेच, स्टेशनं तीच, रमतगमत जाण्याची रीतही तीच. ओढणारा तेवढा बदलला. इम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम म्हणजे ते डिझेल इंजिन. आजचं यंत्र या प्रोग्रॅमच्या मदतीने आपण १९८३ सालचं यंत्र असल्याचं सोंग आणतं. गेमला कळतही नाही की आपल्याला दुसराच कुणी ओढतोय.

सोंग जमलं तर उत्तम. फसलं की गंमत सुरू होते.

पन्नास आणि साठ

मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आजच्या यंत्रावर अधिकृत ‘सुपर मारियो ब्रदर्स’ लावला की आपल्या पिढीच्या माणसाला वाटतं, हा गडी पळतोय का एवढा? पूर्वी निवांत होता.

होताच. जपान आणि अमेरिकेत टीव्ही सेकंदाला साठ वेळा चित्र बदलायचा; भारतात पॅल पद्धत असल्याने पन्नास वेळा. मारियोचा सगळा हिशेब चित्रांवर बांधलेला. किती चित्रांनंतर पाऊल पुढे, किती चित्रांनंतर उडी खाली, किती चित्रांनंतर संगीताचा पुढचा सूर. चित्रं साठाऐवजी पन्नास आली की अख्खी दुनिया सहाव्या हिश्शाने मंद. पळणं मंद, कासव मंद, गाणंसुद्धा मंद.

वर कोपऱ्यातलं घड्याळ ४०० पासून उलटं मोजतं, तेही सेकंद नव्हेत बरं का. दर २४ चित्रांना एक आकडा कमी होतो. म्हणजे साठच्या पडद्यावर ४०० आकडे साधारण २ मिनिटं ४० सेकंदांत संपतात. पन्नासच्या पडद्यावर त्यालाच ३ मिनिटं १२ सेकंद लागतात. आपल्याला प्रत्येक टप्प्याला अर्धा मिनिट जास्तीचा मिळत होता आणि कुणी सांगितलंही नाही. तेव्हा चाळिशीतला खेळाडू आज पहिल्याच खड्ड्यात पडला तर त्याने वयाला दोष देऊ नये. दूरदर्शनला द्यावा.

हा घोळ फक्त आपल्या नकली खोक्यांचा होता असं समजू नका. सोनीसारख्या सोनीने ३ डिसेंबर २०१८ ला ‘प्लेस्टेशन क्लासिक’ काढलं : मूळ प्लेस्टेशनची छोटी प्रतिकृती, आत वीस गेम, किंमत १०० डॉलर. वीसपैकी नऊ गेम पन्नासवाले निघाले! अमेरिकेतले खेळाडू खवळले, आपला गेम सुस्त का म्हणून. वर कळस म्हणजे आतला इम्युलेटर सोनीने स्वतः बनवलेला नव्हता. हौशी लोकांनी फुकट वाटलेला, खुल्या परवान्याचा होता. साधा कीबोर्ड जोडून एस्केप बटण दाबलं की त्या इम्युलेटरची गुप्त सेटिंगं उघडायची. महिन्याभरात किंमत ६० डॉलरवर आली.

लाइन गेली की

विदर्भातल्या गेमचा सर्वांत मोठा खलनायक कुठल्याही कॅसेटमध्ये नव्हता. तो लोडशेडिंगच्या वेळापत्रकात होता. मारियो आठव्या दुनियेत, राजकन्या पुढच्या दारामागे, आणि फट्. लाइन परत आली की पुन्हा एक-एक पासून. मारियोत गेम साठवून ठेवायची सोयच नव्हती. सगळा मिळून ४० किलोबाइटचा गेम तो. जागा वाचवायला त्यात ढग आणि झुडूप एकाच चित्राने भागवलंय : वर पांढरं रंगवलं की ढग, खाली हिरवं रंगवलं की झुडूप. कधीतरी निरखून बघा, मग दुसरं काही दिसणारच नाही.

आज संच विकणारे सगळ्यांत मोठ्याने जाहिरात करतात ती याच दुखण्यावरच्या औषधाची. हवं तिथे थांबवा, हवं तिथून पुढे चालू करा. मेलात तर चित्रफितीसारखं मागे गुंडाळा. कॅपकॉमच्या ‘डिस्ने आफ्टरनून कलेक्शन’मध्ये (२०१७) असं मागे गुंडाळायचं बटण आहे. त्यात सहा गेम : डकटेल्स दोन, चिप अँड डेल दोन, टेलस्पिन आणि डार्कविंग डक. दूरदर्शनवर रविवारी ‘डकटेल्स’ आणि ‘टेलस्पिन’ हिंदीत बघून वाढलेल्यांनी एवढ्या एका संचासाठी खिशात हात घालायला हरकत नाही. अंकल स्क्रूज काठीवर टुणटुण उड्या मारत चंद्रावर फिरतो, त्या टप्प्याचं संगीत आजही ऐकावं असं आहे.

‘एक्साइटबाइक’मध्ये मात्र एक कोडं होतं. आपला रस्ता आपण बनवा, अशी सोय. बाजूला ‘सेव्ह’ आणि ‘लोड’ अशी बटणं. दाबली तर ढिम्म. जपानात फॅमिकॉमला जोडायचा एक टेपरेकॉर्डर मिळायचा. तो असेल तरच रस्ता साठायचा, तोही गाण्याच्या असते तसल्या कॅसेटवर! म्हणजे कॅसेटमधला गेम कॅसेटवर सेव्ह. तो रेकॉर्डर जपानबाहेर विकलाच गेला नाही. अमेरिकन पोरांनीही आपल्यासारखीच ती मुकी बटणं दाबली. निंटेंडोच्या ‘वी’ यंत्रावर हा गेम पुन्हा आला तेव्हा कुठे ती बटणं बोलू लागली.

बदकं का मरत नाहीत?

‘डक हंट’ची बंदूक घरात जपून ठेवलेली असेल तर ती नव्या एलईडी टीव्हीसमोर चालवून बघा. एक बदक पडणार नाही. बंदूक बिघडलेली नाही, टीव्ही फार शहाणा झालाय.

बंदुकीतून काही बाहेर जायचंच नाही. ती फक्त बघायची. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला आधी अंधार, मग उजेड दिसला तर बदक पडलं. आधीचा अंधार मुद्दाम ठेवलेला, नाहीतर कुणीही बल्बकडे नेम धरून सगळी बदकं पाडली असती. (ज्यांनी हा प्रयोग केला त्यांना तो का फसला हे आता कळलं.) जुन्या डब्बा टीव्हीत चौकोन तत्क्षणी उमटायचा. नवा टीव्ही आलेलं चित्र आधी घेतो, घासतो-पुसतो, मग दाखवतो. तेवढ्या उशिरात बंदूक ‘चुकला’ म्हणून मोकळी होते. म्हणूनच निंटेंडोने २०१४ च्या डिसेंबरात ‘वी यू’ यंत्रावर डक हंट परत आणला तेव्हा बंदुकीऐवजी वीचा रिमोट रोखायला दिला.

दोन गोष्टी राहिल्या. एक : दुसरा रिमोट जोडलेला असेल तर पहिल्या प्रकारात दुसऱ्या खेळाडूला बदक उडवता येतं. हे आपल्या धाकट्या भावाला माहीत असतं तर घरोघर भांडणं झाली असती. दोन : खी-खी हसणाऱ्या त्या कुत्र्याला घरच्या गेममध्ये गोळी लागत नाही, पण गेम पार्लरच्या आवृत्तीत बोनस फेरीत लागते. एवढ्या वर्षांनी हे वाचून कुणाला तरी शांत झोप लागेल.

“टीव्ही बंद कर, पिक्चर ट्यूब जाईन!” हा घरचा ओरडाही अगदीच वाऱ्यावरचा नव्हता. स्थिर चित्र फार वेळ राहिलं तर पडद्यावर डाग धरतो, म्हणून प्रोजेक्शन टीव्हीवर गेम खेळू नका असा इशारा निंटेंडोच्या पुस्तिकेतच असायचा. आता विनोद असा की नव्या संचांत ‘सीआरटी फिल्टर’ नावाची सोय असते : लखलखीत नव्या टीव्हीवर जुन्या डब्ब्यासारख्या आडव्या रेघा आणि पुसटपणा आणून द्यायची. लोक ती आवडीने लावतात, आणि त्याला कारण आहे. सेगाच्या ‘सॉनिक’मधला धबधबा उभ्या रेघा एकाआड एक सोडून काढलेला होता. जुन्या टीव्हीच्या पुसटपणात त्या रेघा एकमेकींत मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं. नव्या स्वच्छ पडद्यावर तिथे पट्ट्यापट्ट्यांचा पडदा टांगलेला दिसतो.

मुस्तफा कुठे आहे?

आता दुखरी जागा. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावी पार्लरमध्ये कॉइन टाकून खेळलेल्या कुणालाही विचारा, सर्वांत आवडता गेम कोणता. उत्तर एकच : मुस्तफा. गेमचं खरं नाव कुणाला ठाऊक नसायचं. ते होतं ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’. कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. नायक जॅक टेनरेक, सोबत हॅना, मेस आणि मुस्तफा कैरो. अमेरिकनांनी गोऱ्या जॅकला नायक केलं, भारताने एकमुखाने मुस्तफाला. चौघांत तोच सगळ्यांत चपळ, शिवाय नाव आपल्या ओळखीचं. निवडणूक तिथेच संपली.

हा गेम विकत कुठे मिळतो? कुठेच नाही. मूळ पार्लर आवृत्ती घरच्या कुठल्याही यंत्रावर रीतसर कधीच आली नाही. कॅपकॉमने २०१८ साली ‘बीट ’एम अप बंडल’ काढलं : हाणामारीचे सात पार्लर गेम, ‘फायनल फाइट’पासून ‘बॅटल सर्किट’पर्यंत. मुस्तफा गैरहजर. कारण कथा आणि पात्रं कॅपकॉमची नाहीत. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिकमधली आहेत. शीर्षकातलं कॅडिलॅक जनरल मोटर्सचं. पुन्हा विकायचं तर या सगळ्या दारांवर जाऊन सह्या आणाव्या लागणार. सातबारावर दहा वारसांची नावं असली की शेत विकणं कसं जमतं, ते यवतमाळात कुणाला समजावून सांगायला नको.

तरी आशा सोडू नका. कॅपकॉमचाच १९९३ सालचा ‘द पनिशर’ असाच मार्व्हलच्या परवान्यात अडकून पडला होता. तो २०२४ च्या सप्टेंबरात ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम’च्या संचात अखेर परत आला. एकतीस वर्षांनी. मुस्तफाची फाइलही कुठल्यातरी टेबलावर असेल.

तीस जीव

कॉन्ट्राबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत असतं. वर-वर-खाली-खाली-डावी-उजवी-डावी-उजवी-बी-ए-स्टार्ट, की तीस जीव. ही किल्ली मुळात कॉन्ट्राची नव्हे. कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो १९८६ साली ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तो इतका अवघड झाला की तपासायला त्यांनाच शेवटपर्यंत पोचता येईना. म्हणून त्यांनी स्वतःपुरती ही पळवाट ठेवली आणि ती आतच राहून गेली. हाशिमोतो २०२० च्या फेब्रुवारीत वारले तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांनी ती बटणं क्रमाने छापली.

युरोपात हाच कॉन्ट्रा ‘प्रोबोटेक्टर’ नावाने विकला गेला आणि त्यात माणसांच्या जागी यंत्रमानव होते, कारण जर्मनीत माणसांना गोळ्या घालणारे गेम विकणं कटकटीचं होतं. २०१९ च्या ‘कॉन्ट्रा अ‍ॅनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये दोन्ही घराणी एकत्र नांदतात. धबधब्याचा टप्पाही जसाच्या तसा आहे : पुढचा भिडू वर चढला की पडदा वर सरकतो आणि मागचा फुकट मरतो. “थांब न बे, मी मरून रायलो ना!” ही आरोळी मात्र घरची घालावी लागेल.

फुटकळ, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही

निंटेंडोने २०१६ च्या नोव्हेंबरात जुन्या यंत्राची तळहातावर मावणारी प्रतिकृती काढली. आत तीस गेम, आणि रिमोटची वायर अडीच फूट! टीव्हीच्या नाकाला नाक लावून बसा, नाहीतर डबा जमिनीवर ओढत आणा. तरी काही महिन्यांत २३ लाख नग गेले. मग विक्री बंद. २०१८ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू, आणि त्या महिन्यात अमेरिकेत नगांच्या हिशेबाने सगळ्या नव्या यंत्रांना त्याने मागे टाकलं. पस्तीस वर्षांचं म्हातारं पहिलं आलं. पुढच्या ‘सुपर’ प्रतिकृतीत एकवीस गेम होते, पण आतला बोर्ड अगदी तोच. बदललं ते वरचं प्लास्टिक आणि गेम.

त्या एकविसांत एक होता ‘स्टार फॉक्स २’. नव्वदच्या दशकाच्या मध्यात पूर्ण झालेला आणि कपाटात ठेवून दिलेला. २०१७ साली ‘पुनर्प्रकाशना’च्या डब्यातून तो पहिल्यांदा जगासमोर आला.

अटारीने त्यावर कडी केली. ‘स्वोर्डक्वेस्ट’ नावाच्या चार भागांच्या मालिकेसाठी १९८२ साली कंपनीने सोन्याची खरी बक्षिसं लावली होती. पण धंदा बसला आणि चौथा भाग ‘एअरवर्ल्ड’ निघालाच नाही. २०२२ साली डिजिटल इक्लिप्स या स्टुडिओने ‘अटारी ५०’ हा शंभरावर गेमचा संच केला आणि तो न निघालेला भाग नव्याने बनवून त्यात टाकला. बक्षीस तेवढं नाही.

सेगाच्या छोट्या ‘मेगा ड्राइव्ह’मध्ये (२०१९) ४२ गेम, त्यातला एक टेट्रिस. सेगाने १९८९ साली या यंत्रासाठी टेट्रिस केला होता, पण हक्कांच्या भांडणात तो बाजारात आलाच नाही.

मायकेल जॅक्सन दोनदा गायब

जुन्या गेममध्ये सर्वांत आधी सडतो तो गाण्याचा परवाना. ‘जीटीए : व्हाइस सिटी’ २००२ साली आला तेव्हा गाडीच्या रेडिओवर मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ वाजायचं. २०२१ च्या नोव्हेंबरात हाच गेम दोन भावंडांसह ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ म्हणून नव्या यंत्रांवर आला, तर रेडिओवरचा जॅक्सन गायब. ‘सॉनिक ३’च्या संगीताशीही त्याचं नाव जोडलं जातं, आणि २०२२ च्या ‘सॉनिक ओरिजिन्स’ संचात त्या गेममधल्या काही टप्प्यांचं संगीत बदललेलं निघालं. महाराष्ट्राचा त्याच्याशी व्यवहार साधा-सरळ होता : १ नोव्हेंबर १९९६ ला शिव उद्योग सेनेने त्याला अंधेरीच्या क्रीडा संकुलात आणून प्रत्यक्षच नाचवलं.

त्या ‘डेफिनिटिव्ह’ जीटीएची आणखी एक करामत. जुनी धूसर चित्रं संगणकाकरवी आपोआप चकचकीत करून घेतली. ‘टफ नट डोनट्स’ नावाचं एक दुकान आहे; त्याच्या पाटीवर षटकोनी नट. पान्याने आवळतात तो. यंत्राला वाटलं, हे कोपरे म्हणजे चित्रकाराची चूक. त्याने घासून नट गोल करून टाकला. विनोद होता तो कोपऱ्यांतच! काही दिवसांनी कंपनीने खेळाडूंची जाहीर माफी मागितली.

रीतसर मालाची कथा

भारतात अस्सल माल कधी आलाच नाही असं नाही. १९९५ साली सेगाचा मेगा ड्राइव्ह आला. आणला कुणी? शॉ वॉलेसने! होय, रॉयल चॅलेंजवाले. आयात कर ८० टक्के होता, त्यातून वाट काढायला सेगाने या देशी कंपनीशी करार केला. किंमत तरीही १८,००० रुपये. त्या काळात एवढ्या पैशात कापसाचा अख्खा हंगाम उभा राहायचा. घरात हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती.

पुढे २००९ साली सोनीने प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ नावाचा संच काढला. कबड्डी, पतंग, विटीदांडू असले गल्लीतले खेळ, टीव्हीवर. बाहेर विटीदांडू खेळायला मैदान मोकळं असताना तो आत बसून खेळण्यात काय हशील, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं मात्र मनापासून कौतुक. त्यांच्या ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ची लोकवर्गणीची मोहीम २०१७ साली फसली, तरी गेम पुरा केला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये जगभर आणला. कुठल्या यंत्रावर सर्वांत आधी? निंटेंडो स्विचवर, जे आपल्याकडे आयातदारांच्या हातूनच मिळत होतं. पुण्यात बनलेला गेम पुण्यात खेळायला परदेशातून आलेलं खोकं घ्या.

अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली मोजदाद केली : तिकडे २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकत मिळतच नाहीत. एवढे संच निघूनही. मग ते कुठे जिवंत आहेत? बहुतेक करून चोरट्या प्रतींमध्ये. आज ऑनलाइन विकली जाणारी ‘गेम स्टिक’ टीव्हीमागे खोचली की हजारो गेम दिसतात. यादी खाली सरकवून बघा, तेच ते पुन्हा येतात. घराण्याची रीत मोडलेली नाही.

रीतसर घ्यायचंच असेल, तर आपल्या टँकवाल्या गेमचं खरं नाव ‘बॅटल सिटी’, नामको, १९८५. निंटेंडोच्या अमेरिकन यंत्रावर तो तेव्हा निघालाच नाही. तिकडच्या पोरांना तो ठाऊकही नव्हता आणि इकडे घरोघर गरुडाभोवतीच्या विटा राखल्या जात होत्या. २०२० च्या ‘नामको म्युझियम आर्काइव्ह्ज’च्या दुसऱ्या भागात तो आहे. टप्पे पस्तीस. आणि लक्षात असू द्या, भिडूला गोळी मारली तर तो मरत नाही, नुसता जागेवर गोठतो. तेवढ्यात बोनसचा तारा आपण उचलायचा.